साळवेंचे तीन ग्लास

साळवेंच्या घरी पाहुणा टेकला, की पाच मिनिटांत ट्रे येतो. ट्रेमध्ये पाण्याचे तीन ग्लास. तिन्ही सारखे, तिन्हींच्या बुडाला आकडा लिहिलेला कागदाचा तुकडा. ट्रे टीपॉयवर ठेवून साळवे समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसतात, हात गुडघ्यांवर घेतात आणि म्हणतात, "ओळखा."

काय ओळखायचं, हे पाहुण्याला कळत नाही. मग साळवे खुलासा करतात. एका ग्लासात पावसाचं पाणी आहे, इथल्या तलावातलं. एकात समुद्राचं, मीठ काढलेलं. आणि एकात, इथे साळवेंचा आवाज सनई लागल्यासारखा होतो, "तुम्हीआम्ही सगळ्यांनी गेल्या आठवड्यात संडासात, मोरीत, बेसिनमध्ये सोडलेलं!"

पाहुण्याचा हात हवेतच थांबतो. तो लांबूनच एका ग्लासाकडे बोट दाखवतो, "हे असेल, जरा गढूळ दिसतंय." तसे साळवे गर्जतात, "अंहं! आधी घोट, मग बोट!"

आनंद साळवे आमचे शेजारी. परदेशातल्या या छोट्या बेटावर, तोआ पायोह नावाच्या वस्तीत अकराव्या मजल्यावर त्यांची बाथरूम आणि आमची बाथरूम यांच्यामध्ये एकच भिंत. शहराचं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्यालायक करणाऱ्या कारखान्यात ते इंजिनियर आहेत. माणसं आपल्या मुलांच्या मार्कांबद्दल बोलतात तसे साळवे या पाण्याबद्दल बोलतात. मी वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे तुमच्या क्लाउडची यंत्रं तापली की ती थंड करायला धावतं ते माझं पाणी. आणि तुमच्या फोनमधली चिप माहितीये? आमच्या पाण्याने आंघोळ करून आलेली असते."

आंघोळीवरून आठवलं. मी शॉवरखाली चार मिनिटांच्या वर उभा राहिलो, की भिंतीवर टकटक होते. पाचव्या मिनिटाला फोनवर मेसेज येतो : 'लेले, घोडा धुताय का?' सुरुवातीला मला संताप यायचा. माझं घर, माझा नळ, आणि हा कोण टिकोजीराव? हल्ली मी साबण लावताना नळ बंद करतो आणि वर त्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम गाणं म्हणतो.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साळवे बादलीत धरतात आणि त्याने कॉरिडॉर पुसतात. आपला तर पुसतातच, आमच्या दारापर्यंतचाही पुसतात. पलीकडचे चिनी अंकल मला लिफ्टमध्ये इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाले होते, "युअर फ्रेंड गुड मॅन, बट क्रेझी, लाह." सहा महिन्यांनी त्याच अंकलच्या दाराशी बादली दिसली. निळी, झाकणासकट.

एकदा मी विचारलं, "साळवे, चारी बाजूंनी समुद्र आहे की. तोच गोडा करा आणि प्या. हा बाकीचा उपद्व्याप कशाला?" त्यांनी मला खाली बसवलं. अशा वेळी ते माणसाला आधी खाली बसवतात.

"समुद्र गोडा करायला काय लागतं? वीज. ती येते कशातून? गॅस जाळून. गॅस जाळला की हवा तापते, हवा तापली की समुद्र चढतो. म्हणजे ज्याला प्यायला निघालो तोच आपल्याला गिळायला येणार. या बेटाला पळून जायला मागे डोंगर नाही, लेले. नदी म्हणावी अशी नदी नाही. पाऊस भरपूर, पण साठवायला जागा कुठाय? आणि आता त्याचाही भरवसा राहिला नाही. मग एकच उपाय उरतो. हातात आहे ते पाणी हातातून जाऊ द्यायचं नाही. पुन्हा गाळा, पुन्हा प्या."

हे सांगताना त्यांची छाती अशी फुगते, की हे बेट त्यांनीच स्वतःच्या हाताने पाण्यावर धरून ठेवलंय असं वाटावं. आणि खरं सांगू? थोडंफार धरलेलंच आहे.

बुकित तिमाहला एका कॉन्डोमध्ये, म्हणजे इथल्या बड्या लोकांच्या सोसायटीत, मराठी मंडळींचं दिवाळीचं जेवण होतं. तिथे एक गृहस्थ श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून म्हणाले, "सगळं छान हो इथे, पण गटाराचं पाणी पाजतात म्हणे!" साळवेंनी ताट खाली ठेवलं. "नदीकाठच्या कुठल्याही गावाला विचारा, वरच्या गावाने पाण्यात काय सोडलंय. तेच पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या तीर्थ म्हणून प्यालो. फरक एवढाच, की आम्ही नीट गाळतो आणि खरं सांगतो." मला उठून सांगावंसं वाटलं, की हे आमचे शेजारी. आमची भिंत एकच आहे.

पण तसं सांगायला मला तोंड नव्हतं, कारण त्या तीन ग्लासांतला एक घोटही मी तोवर घेतलेला नव्हता.

आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात साळवेंनी मला बोलावलं. ट्रे आला, परीक्षा समजावून झाली, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला म्हणून ते आत गेले. मी एक ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि सांडपाणी हा शब्द काही डोक्यातून जाईना. सोफ्याशेजारी मनी प्लांटची कुंडी होती. मी तिन्ही ग्लास तिच्यात ओतले. कुठला कुठला आहे ते माहीत नव्हतं, म्हणून तिन्ही. साळवे बाहेर आले तेव्हा कुंडीखालून पाण्याचा ओघळ निघून फरशीवर, थेट माझ्या मोज्यांपर्यंत आला होता. मी घाईघाईने "दोन नंबर" म्हणालो. साळवेंनी फरशीकडे पाहिलं, फडकं आणून पुसलं, आणि म्हणाले, "चुकलात. एक नंबर." बस, एवढंच.

त्यानंतर दोन वर्षं मी ट्रे दिसला की आत्ताच चहा झाला म्हणायचो. माझी बायको मुग्धा पहिल्याच खेपेला तिन्ही घटाघटा प्याली, साफ चुकीचं ओळखून आली आणि मला भित्रा म्हणाली. मीही हसत होतो. गंमतच होती ती.

यंदा साळवेंच्या आई तीन महिन्यांसाठी आल्या. गाव जालन्याकडचं. ठेंगण्या, ताठ, पायांत पांढरे स्पोर्ट शूज. मुग्धाने त्यांना दुपारी चहाला बोलावलं. आल्या त्या हातात स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. मुग्धाने पाणी पुढे केलं, तर म्हणाल्या, "नको पोरी, हाय माझ्यापाशी."

मी म्हटलं, "आई, हे कसं? तुमचा मुलगा अख्ख्या बिल्डिंगला काय काय पाजतो, आणि तुम्ही आमच्या नळाचंही घेत नाही?"

त्या हसल्या. "तुमच्या पान्याला नाव न्हाई ठेवत, बाबा. माझी जुनी खोड हाय. लहानपनी विहिरीवर आमचा हात चालत नव्हता. घागर घेऊन सकाळधरनं बसायचं. कुनाला दया आली तर वरनं वतायचं. एकदा एकीनं माझ्या घागरीत न वतता बाजूला मातीत वतलं आन् हसली. तवा मी धा वर्साची आसंन. तवापास्नं ठरवलं, दुसऱ्याच्या हातचं पानी घ्यायचं न्हाई. आपल्या हातानं घेईन, न्हाईतर ऱ्हाईन तहानलेली."

मुग्धा खाली बसली. मी विषय बदलायला म्हटलं, "आणि साळवे तर एकदम उलट. सगळ्यांना धरून धरून पाणी देतात."

"उलट कशाचं, तेच हाय," आई म्हणाल्या. "पुन्याला पयली नोकरी लागली तवा त्याचा मित्र आपल्या आईला घेऊन खोलीवर आला. मे म्हैना. आनंदनं माठातलं पानी दिलं. त्या बाई म्हनल्या, तहान न्हाई. आन् खाली उतरून टपरीवर दोन गिलास प्याल्या. ह्यानं खिडकीतनं बघितलं." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "म्हनून तीन गिलास ठिवतो. मला म्हनतो, आई, गटाराचं कंचं ते इचारून तेवढंच नको म्हनला तर तो मानूस घानीला भ्याला. त्याचं मला वाईट वाटत न्हाई, त्याला मी समजावून सांगीन. पन तिन्ही नको म्हनला, मंग मला कळत न्हाई, की पान्याला न्हाई म्हनला का मला."

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी घाणीलाच भ्यालो होतो. खरंच. पण लहानपणी आमच्या मागच्या दाराशी कोनाड्यात एक वेगळा पेला असायचा. तो कुणासाठी, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि माहीत मात्र होतं. मग साळवेंनी काय समजायचं? दोन वर्षं तो माणूस माझं आंघोळीतलं गाणं ऐकत होता, माझ्या दारापर्यंतची फरशी पुसत होता, दर खेपेला नव्याने ट्रे आणत होता आणि मी चहा झाला म्हणत होतो. मला स्वतःची शरम वाटली.

मी स्वयंपाकघरातून भरलेला जग आणि रिकामा ग्लास आणला, आईंच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "तुम्ही तुमच्या हाताने घ्या." त्यांनी जगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सावकाश ओतून घेतलं. पाणी पिऊन झाल्यावर पदराने तोंड टिपून म्हणाल्या, "गोड हाय."

मी चपलाही न घालता शेजारी गेलो. साळवे नुकतेच कामावरून आले होते, गळ्यात अजून ओळखपत्र.

"साळवे, तहान लागलीय."

"चहा नाही झाला?"

"नाही झाला."

ते आत गेले, आणि ट्रे आला. ते खुर्चीच्या कडेवर बसले, हात गुडघ्यांवर. मी पहिला ग्लास तळापर्यंत प्यालो. दुसरा प्यालो. तिसरा प्यालो. तिन्हींत तिळाएवढाही फरक नव्हता, आणि मला खरोखरच तहान लागली होती.

"तीन नंबर," मी म्हटलं.

"चुकलात!" साळवे टाळी वाजवून ओरडले. "साफ चुकलात!" माझ्या चुकण्याचा इतका आनंद आजवर कुणालाही झालेला नाही.

"साळवे, त्या दिवशी मी..." मी सुरुवात केली.

"असू द्या हो." ते उठले आणि दाराबाहेरची एसीच्या पाण्याची बादली घेऊन आले. सोफ्याशेजारचा मनी प्लांट आता खिडकीच्या गजांवरून पार छतापर्यंत चढला होता. त्याच्या मुळाशी तांब्याने पाणी घालत ते म्हणाले, "आज ग्लासांतलं काही उरलं नाही, याला दुसरीकडचं घालावं लागणार."