मी उठले की बंद

कम्प्युटर मी स्वतः जोडणार, असं मी जाहीर केलं. नवऱ्यानं तेवढं विचारलं, "दुकानातून तयार नको का?"

"आठ वर्षं प्रयोगशाळेत लोकांच्या चुका शोधल्यात मी! एक डबा जोडता येणार नाही?"

जोडला. एकही स्क्रू उरला नाही. बटण दाबताच मशीन सुरू! सगळ्यांना दाखवायला उठून हाक मारली, वळून पाहते तर बंद.

तीन दिवसांत चौदा वेळा बंद पडलं. शुक्रवारी अकरा वाजता माझी व्हिडिओवर मुलाखत होती. दवाखान्यातली यंत्रं तपासून देणारी कंपनी. मुलगी झाल्यावर सुटलेलं काम सहा वर्षांनी परत मिळायची ही पहिली संधी, आणि मुलाखतीचा प्रोग्राम फोनवर चालत नव्हता. त्यात मशीन एकदा असं गेलं, की पुन्हा सुरू व्हायला मोजून सात मिनिटं घ्यायचं!

एका वेळी एकच बदल, हा माझा नियम. मेमरी बदलली. पॉवर सप्लाय बदलला. वहीत वेळ, तापमान, पंख्याचा वेग. चौदा नोंदींचं एकमेकींशी नातं शून्य! मशीन उचलून दुकानात नेलं, तर तिथे तीन तास पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखं गुणी.

"घरी रागावता का मॅडम त्याला?" दुकानदार म्हणाला.

शुक्रवारी अकराला पाच कमी. मी जोडले गेले होते, समोर 'कृपया थांबा'. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, तू उठलीस की ते जातं."

"काय?"

"दार उघडायला उठलीस, गेलं. वही आणायला उठलीस, गेलं. मी बघतेय ना तीन दिवस!"

"मग सांगितलं का नाही, आई?"

"बोलू देतेस का कुणाला? वही पुढे करतेस!"

खरंच, वहीत पंख्याची नोंद होती, माझी नव्हती. पाच मिनिटांत तपासणं अशक्य. ठरवलं, काही झालं तरी उठायचं नाही.

पडद्यावर तिघे उमटले. मधल्या बाई, एक चष्मेवाले गृहस्थ, एक तरुण. वीस मिनिटं छान गेली. मग बाई म्हणाल्या, "मूळ प्रमाणपत्र दाखवता?"

प्रमाणपत्र डावीकडच्या कपाटात! मी हेडफोन काढले आणि बसल्या बसल्याच टाचांनी जमीन रेटत निघाले. खुर्चीची चाकं कुरकुरत होती. कपाटापर्यंत खेकडा, परत येताना दमलेला खेकडा. हेडफोन पुन्हा घातले.

"पायाला काही लागलंय का?" चष्मेवाल्यांनी हळुवारपणे विचारलं.

खोटं बोलता येईना. "नाही सर. मी उठले की कम्प्युटर बंद पडतो."

तिघे एकमेकांकडे पाहू लागले.

"तपासून पाहिलंत?" गृहस्थ पुढे सरकले.

"तेवढंच राहिलंय."

"मग पाहा की!"

उठले तर मुलाखत जाणार. नाही उठले, तर न तपासणाऱ्या तपासनीस बाईला हे लोक नोकरी का देतील? डोळे मिटून उठले. काहीच झालं नाही! बसले, पुन्हा उठले. दहा वेळा! शाळेत कधी उठाबशा काढल्या नव्हत्या, त्या बेचाळिसाव्या वर्षी तीन साहेबांसमोर काढल्या. मशीन ढिम्म. तरुण हसू दाबत होता.

"खुर्ची मघाशी होती तशीच आहे?" गृहस्थांनी विचारलं.

मी खाली पाहिलं. खुर्ची तिरपी उभी होती. माझाच नियम मी मोडला होता, बदल दोन झाले होते! खुर्ची सरळ केली. जपून उठले. खुर्ची हातभर मागे गेली, मागचं चाक एक्स्टेन्शनच्या वायरवर चढलं, वायर ताणली गेली आणि पडदा काळा!

"गेलं! गेलं!" मी टाळ्या पिटत ओरडले.

सासूबाई धावत आल्या. "अगं, मग नाचतेस काय?"

"कारण सापडलं, आई! मशीन ठणठणीत आहे. वायर ओढली जात होती!"

"बरं झालं बाई. मग नोकरीचं काय म्हणाले ते?"

माझे हात टाळीच्या मध्यावरच थांबले. ही बातमी ऐकून ज्यांनी मला नोकरी दिली असती, ते तिघेही त्या काळ्या पडद्याच्या आत होते, आणि सात मिनिटांतलं पहिलं मिनिट नुकतंच सुरू झालं होतं.