चार आसनी उन्हाळा

कॅप्टन अक्षया परुळेकर चार आसनी विमानातून उतरल्या, तेव्हा त्यांचा शर्ट मालवणहून पोहत आल्यासारखा निथळत होता.

"विनीत, केबिनची भट्टी झालीय. हीटर बंद होत नसावा. अकराला कोल्हापूरला जायचंय. त्याआधी दुरुस्त केलंस, तर परतल्यावर तुझ्या कायम नेमणुकीवर सही करते."

सहा महिने मेकॅनिकची उमेदवारी करणाऱ्या विनीतला प्रत्येक बिघाडात अस्तित्वाचा गूढ अर्थ आधी दिसे. सैल स्क्रू बराच उशिरा. ज्या किनाऱ्यावर माणसे पौषातही पंख्याखाली झोपतात, तिथे हीटर हा यंत्राचा निव्वळ अहंकार आहे, असे त्याचे चिंतन होते. इंजिनाकडून केबिनमध्ये गरम हवा आणणारी नळी त्याने काढूनच टाकली, तिच्या इंजिनाकडच्या तोंडावर पत्रा ठोकला आणि इंजिन चालवून आत बसला. दहा मिनिटांत तोही निथळू लागला.

म्हणजे दोष हीटरचा नव्हता. बाहेरचा वाराच आत येत नव्हता. पंखाच्या मुळाशी वारा घेणारे भोक होते. त्यात त्याने बोट घातले. काथ्या लागला.

तो काथ्या कोणी कोंबला, हे त्याला फार स्पष्ट आठवले. मातीची घरटी बांधणाऱ्या माश्या आत शिरू नयेत म्हणून, स्वतःच्या कल्पकतेवर खूश होत, काल त्यानेच कोंबला होता. उडण्याआधी काढायची आठवण राहावी म्हणून लाल फीतही लटकवली होती.

"महादूकाका, हयली लाल फीत खंय गेली?"

"ती होय?" पहारेकरी महादू शांतपणे म्हणाला. "राखणदार देवाच्या झाडाक बांधलंय. नवा इमान, नजर लागात."

"अहो, तिच्यार लिवलला होता, उडण्याआधी काढा म्हणून."

"म्हणानच काढलंय मरे."

 विनीतने काथ्या उपसला, नोंदवहीत स्वतःची चूक स्वतःच्या नावानिशी लिहिली. वेळ भरत आली होती. अकराला विमान उडाले. सहीच्या कल्पनेने तो इतका हळवा झाला, की पत्रा तसाच राहिला आणि काढलेली हीटरची नळी बाकावरच.

दुपारी विमान परतले. कॅप्टन उतरल्या त्या दोन्ही हात काखेत धरून.

"वारा उत्तम येतोय," त्या म्हणाल्या. दात वाजत होते. "फोंडाघाटावर, नऊ हजार फुटांवर, हीटर लावला. तो काही लागला नाही."

विनीतने नेमणुकीचा कागद आणि पेन पुढे केले.

"उद्या बघू," त्या म्हणाल्या. "आज बोटं वळत नाहीत."