मोशीच्या अप्पांची शुगर

मोशीचे अप्पा कोणालाही "जेवलास का?" असं विचारत नाहीत. "प्रोटीन झालं का?" असं विचारतात. जिन्यात विचारतात, बसस्टॉपवर विचारतात. एकदा तर दहाव्याला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी हेच विचारलं होतं.

अप्पा माझे घरमालक. शेती गेली, तिथं इमारती आल्या आणि अप्पांना वेळच वेळ झाला. तो त्यांनी आहारशास्त्राला वाहिला. शिक्षण सातवी. किराणा दुकानात शिरले की चष्मा लावून बिस्किटपुड्याची मागची बाजू वाचत उभे राहतात. "पुढं नुसतं चित्र असतंय, इंजिनेर. खरं काय ते पाठीमागं. पहिलं नाव मैद्याचं, म्हंजी आत मैदाच जास्त." सवयच अशी की धुण्याच्या पावडरचा पुडाही उलटा करून बघतात. त्यांना लांबून येताना पाहिलं की दुकानदार टोस्टची बरणी खाली ठेवतो.

मी लातूरकडच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. चाकणच्या कंपनीत लागलो तेव्हा वडापाव आणि चहावर शिफ्ट काढायचो. एका सकाळी अप्पांनी दार वाजवून मटकीची वाटी हातात दिली. "मोड आलेत. खा. डिग्री हाय, पर अंगात रगत हाय का?" आई सोडून मला असं कोणी रागावलं नव्हतं. वाटी पुसून खाल्ली.

अप्पांना शुगर आहे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. तेच सांगत फिरतात. लग्नात जिलेबी आली की ताटावर हात आडवा. "मला शुगर हाय!" त्यावर कोणी म्हणालं, गुळाचं तरी घ्या, की त्याची धडगत नसते. "गूळ काय साखरंचा सावत्र भाऊ हाय व्हय? सख्खा हाय, सख्खा!" घरात काकू भाकरी, मेथी, उसळ करतात आणि कुरकुरतात, "ह्यांच्या शुगरपायी मलाबी हेच गिळावं लागतं."

गेल्या महिन्यात मी कंपनीत कायम झालो. पेढे घेऊन वर गेलो. काकूंनी आनंदानं हात पुढे केला, तेवढ्यात अप्पा गरजले, "उचल ते! आमच्या घरात नको." काकूंनी हात मागे घेतला. "ऱ्हाऊ दे बाबा. ह्यांच्यासमोर मी तरी कशी खाऊ?"

मी ओशाळून खाली आलो. गाडीला चावी लावतोय तोच अप्पा मागून आले.

"दे एक."

"अप्पा, शुगर!"

"मला कुठं हाय? तुझ्या काकूला हाय."

अप्पा माझ्या गाडीला टेकले आणि हळू आवाजात बोलू लागले.

"डॉक्टरनं तिला पथ्य सांगितलं. पर सोतासाठी येगळं करायचं म्हंजी तिला लाज वाटायची. माझ्या एकटीसाठी कशाला गॅस जाळायचा, म्हनायची. मग आपला उरलेला भात, गुळाचा च्या. पुढं पाय बधिर व्हायला लागला. चालताना चप्पल निसटली तरी तिला कळंना. मंग मीच एक दिवस म्हनलं, मलाबी शुगर निघालीया. तवापासनं बघ, एक येळ चुकली न्हाई. माझ्यासाठी करती, आन माझ्यासंगं खाती."

"आणि आता?"

"डॉक्टर म्हनले, आटोक्यात हाय. पर तू तोंड उघडलंस तर ती परत भातावर यील, राव."

मी मान हलवली आणि बॉक्स पुढे केला. अप्पांनी पेढ्याचा घास घेतला. बराच वेळ चघळत राहिले. मग उरलेला अर्धा पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

"गोड लागंना रे," ते म्हणाले. "हात पुढं केला व्हता तिनं."

वरून काकूंचा आवाज आला, "अवो, कुठं गेला? भाकर गार व्हतीया!"

"आलो, आलो," अप्पा म्हणाले. त्यांनी मिशा नीट पुसल्या आणि गुडघ्यावर हात दाबत भराभर जिना चढू लागले.