पुतळा व्हायचा नियम

मैदानावर सहा तंबू, चोवीस मुलंमुली, दोन चुली, एक आचारी, एक झेंड्याचा खांब आणि सत्तेचाळीस नियम होते. नियम शिबिराच्या प्रमुखांनी स्वतः केले होते. आठवड्याचे पाच दिवस ते विमा कचेरीत बसत. तिथे त्यांनी पंखा लावायला सांगितला तरी कुणी उठत नसे. त्याची भरपाई ते सुट्टीतल्या शिबिरात करून घेत.

या खेपेला त्यांना जास्तच जोर चढला होता. आसपासच्या पाच शिबिरांवर मिळून एक मुख्य प्रमुख नेमायचं घाटत होतं आणि माणूस पारखायला तपासनीस बाई त्या दिवशी यायच्या होत्या. प्रमुखांनी त्या पदाला शोभेलशी टोपी आधीच शिवून घेतली होती.

त्यांचा लाडका नियम एकविसावा. एक लांब शिट्टी झाली की जो जिथे असेल तिथे पुतळा. दोन आखूड शिट्ट्या झाल्या की मोकळा. तोंडी हुकूम मानायचा नाही, ही पुरवणी गेल्या शिबिरानंतर जोडलेली. त्या वेळी कुणीतरी प्रमुखांचा हुबेहूब आवाज काढून अख्ख्या शिबिराला भरदुपारी कवायतीऐवजी झोपायला पाठवलं होतं. प्रमुखही जाऊन झोपले होते, असं मुलं सांगत.

बाई आल्या आणि झाडाखाली खुर्चीत बसल्या. आचारी टेंपोतून भाजी आणायला गेला होता. प्रमुखांनी छाती फुगवून लांब शिट्टी मारली आणि मैदान जागच्या जागी थिजलं. एकाच्या तोंडात ब्रश राहिला. दुसऱ्याचा एक पाय पँटमध्ये होता, एक बाहेर. चुलीवरचं पातेलं ढवळणारी मुलगी डाव आत ठेवून ताठ झाली. बाईंच्या भुवया वर गेल्या. प्रमुखांचं तेवढ्याने भागेना. ते एकेका पुतळ्यापाशी थांबून कुणाची हनुवटी वर कर, कुणाचं कोपर आत घे, असं करत स्वयंपाकाच्या कनातीमागे गेले.

तिथे उष्ट्याचा खड्डा होता. पुरुषभर खोल, भिंती पट्टीने आखल्यासारख्या सरळ. मुलांनी एका बाजूला उतार ठेवला होता, तो प्रमुखांना गबाळा वाटला, म्हणून त्यांनी खड्डा पुन्हा खणून घेतला होता. काठावर त्यांची सख्खी भाची बादली घेऊन उभी होती. सकाळी रांगेत हसली म्हणून उष्टं टाकायचं काम तिच्याकडे आलं होतं. बादली हलतेय का, ते बघायला प्रमुख वाकले आणि गळ्यातल्या दोरीची गाठ सुटून शिट्टी खड्ड्यात गेली.

ओरडलं तर बाई ऐकणार, म्हणजे पद गेलं. ते गुपचूप खाली उतरले. उतरणं सोपं होतं. शिट्टी सापडली, ती बाहीला पुसून त्यांनी दोन आखूड फुंकरा मारल्या. आवाज नाही. आत कसलीतरी साल अडकली होती. मग त्यांनी जीव एकवटून फुंकलं, तेव्हा एक लांबलचक किंकाळी निघाली. सैलावू लागलेली मुलं पुन्हा ताठ झाली.

"अगं, हात दे," ते कुजबुजले.

"हलायचं नाहीये," भाची समोर बघत म्हणाली.

"पुतळे बोलत नाहीत."

"त्याचा नियम केलेला नाही."

"बरं, मी सांगतोय, हल."

"तोंडी हुकूम चालत नाही."

"हा माझाच आवाज आहे."

"मागच्या वेळीही आम्हाला तसंच वाटलं होतं."

प्रमुखांनी आवाजात मध ओतला. "मामा म्हणून सांगतो गं."

"शिबिरात मामा नसतो. नियम सातवा." मग हवा हुंगून ती म्हणाली, "पातेलं करपतंय. पण ढवळायला कुणी मोकळं नाही."

प्रमुखांनी चढून पाहिलं, पण सरळ भिंतीला पाय लागेना. घसरून पडले की ते पुन्हा फुंकत. दर वेळी तीच किंकाळी आणि दर वेळी मैदान नव्याने ताठ. झाडाखाली बाई ब्रशवाल्या मुलाला सांगत होत्या, की असा आडून परीक्षा घेणारा प्रमुख त्यांनी आजवर पाहिला नाही. मुलगा काहीच बोलला नाही. त्याचंही बाईंना कौतुक वाटलं.

शेवटी टेंपो आला. फाटकात कुत्रं आडवं पसरलं होतं, त्याला उठवायला चालकाने दोनदा हॉर्न दिला. आखूड. मैदान एका झटक्यात मोकळं झालं. भाचीने आधी हातातलं काम पुरं केलं, म्हणजे बादली खड्ड्यात ओतली, आणि मग ती पळाली.

थोड्या वेळाने आचारी करपलेलं पातेलं रिकामं करायला आला, तेव्हा त्याला खड्ड्यात टोपी दिसली.

"साहेब, जरा बाजूला होता का?" तो म्हणाला. "गरम आहे."

बाहेर काढलेले प्रमुख बाईंपुढे उभे राहिले तेव्हा बाईंनी खुर्ची थोडी मागे सरकवली. आपण कसून पाहणी करत होतो, असं प्रमुखांनी सांगितलं. ते बाईंना पटलेलं दिसलं.

"मुलं फार तयार केलीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुम्ही समोर नव्हतात तरी एक हललं नाही. आणि सोडायलासुद्धा तुम्ही लागला नाहीत."

निघताना त्यांनी निकाल सांगितला. शिस्त, पन्नासपैकी पन्नास. प्रमुखाची गरज, पन्नासपैकी दोन.