खांबाला वळसा

आमच्या आखाडा बाळापुरात खिल्लारे सर घरातून निघाले आणि चार पावलांवर आठवलं, की चष्मा राहिला, तर ते मागं फिरत नाहीत. मैदानाचं वळण अलीकडेच आहे, तरी पार गल्लीच्या टोकाला विजेच्या खांबापर्यंत जातात, त्याला वळसा घालतात आणि मग घरी येतात. भर उन्हातसुद्धा. मी शेजारीण. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं.

"खो-खोत एकदा दिशा धरली की मधूनच वळता येत न्हाई, वहिनी. फाऊल असतो," त्यांनी मला समजावलं.

तरुणपणी सर नावाजलेले खेळाडू. पुढं शाळेत लागले, पोरींचा संघ बांधला, रिटायर झाले तरी सकाळी मैदानावर असतातच. लग्नाच्या पंगतीतही खो-खोच्या रांगेसारखं, शेजारच्याचं तोंड इकडं, तर सरांचं तिकडं. वाढप्याला मागून यावं लागतं. बायकोनं तर केव्हाच हात टेकले.

पण हल्ली त्यांचं विसरणं फार वाढलं. आज शिट्टी, उद्या पिशवी. मला काळजी वाटायला लागली. एका सकाळी मी त्यांच्या दारातच उभी राहिले आणि चष्मा, शिट्टी, पिशवी सगळं हातात दिलं. सरांचा चेहरा पडला. "काहून तकलीफ घेतली?" म्हणाले, आणि माझ्यादेखत शिट्टी ओट्यावर ठेवून चालू लागले.

आता मात्र हद्द झाली. मी मागोमाग गेले.

खांबाशेजारच्या घराच्या पायरीवर सोपानराव बसले होते, सरांच्या जुन्या संघातले. लकव्यानं एक बाजू गेल्यापासून भेटायला येणाऱ्याला ते हाकलून देतात. कुणी कीव केलेली त्यांना खपत नाही. पण वाटेनं जाणाऱ्याला कसं हाकलणार?

सरांनी वळता वळता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हळूच म्हणाले, "खो."

खो मिळाला की बसलेल्यानं उठून पळायचं आणि देणाऱ्यानं त्याच्या जागी बसायचं. सोपानरावांनी चांगला हात भिंतीला लावला, जोर केला, थरथरले. उठता आलं नाही.

सर जरा वेळ उभे राहिले. मग त्यांच्या शेजारी बसले, उलट्या तोंडानं.

"उद्या काय विसरणार?" सोपानरावांनी जड जिभेनं विचारलं.

"चष्मा."

तेव्हापासून मी सरांना कशाचीच आठवण करून देत नाही.