न तोडता उघडणारे आप्पा

आषाढातला शेवटचा रविवार, सकाळची वेळ. जागा: तळोद्यातल्या आमच्या कॉलनीत माझ्या घराचा ओटा. हजर: चौधरी सर, त्यांच्या मिसेस, मी (कॉलनीचं पाणी, कचरा आणि भांडणं माझ्याकडे असतात) आणि ज्यांच्यासाठी ही बैठक होती ते शेजारचे आप्पा, न बोलावता. विषय एकच. आप्पांनी चौधरी सरांच्या फाटकाचं कुलूप किल्लीशिवाय उघडलं होतं.

चोरी झाली नव्हती. चौधरी मंडळी म्हसावदला बारशाला गेली होती. आप्पांनी एका तारेच्या आकड्याने कुलूप उघडलं, आनंदाने मांडीवर थाप मारली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे जुन्या पद्धतीचं कुलूप आहे, लावायलाही किल्लीच लागते. आता दुसऱ्याचं घर उघडं टाकून जायचं कसं? त्यांनी घरून खुर्ची आणली आणि सर परत येईपर्यंत फाटकात राखण करत बसले. जेवणही तिथेच केलं. दूधवाल्याकडून सरांचं दूध घेतलं, तापवून ठेवलं, आणि फाटकात शिरलेल्या दोन शेळ्या हाकलल्या.

"आप्पा, आमचं कुलूप तुम्ही उघडलंच का?" सर म्हणाले.

"सर, राग नका मानू. पण तुमनं कुलूप म्हणजे नुसता शो शे. बदली टाका."

"आणि उद्या खरंच चोर आला तर?" मिसेस चौधरी म्हणाल्या. "आम्ही तुम्हालाच धरू हं!"

"धरा ना वहिनी. मी तठेच बठेल ऱ्हासू," आप्पा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, म्हणजे तिथेच बसलेला असेन.

यावर मिसेस चौधरींना हसू आलं आणि बैठकीतला जोरच गेला. मी घाईने ठराव सांगितला: आप्पांनी गल्लीतल्या कुठल्याही कुलपाला हात लावायचा नाही, सराव स्वतःच्या कुलपावर करायचा. आप्पांनी मान डोलावली. पण बैठक चालू असताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून सारखा टक्‌ टक्‌ आवाज येत होता, आणि ते आमच्याकडे नाही, त्या आवाजाकडे कान देऊन उभे होते.

आप्पा नोकरीत असताना बसचे कंडक्टर होते. तळोद्याहून सातपुड्यात चढणाऱ्या गाड्यांवर त्यांची हयात गेली. हातातला तिकिटाचा चिमटा सीटच्या दांड्यावर वाजवत, उभ्याने, डुलत. निवृत्त झाले, चिमटा गेला, पण हात थांबले नाहीत. त्यांनी पंखा उघडला, मिक्सर उघडला, माझी इस्त्री मी नको म्हणत असताना उघडली. मिक्सर जोडल्यावर दोन स्क्रू उरले. "कंपनीवाले जास्तीचेच देतस," असं त्यांचं म्हणणं. घरात ते बसलेले मी पाहिलेले नाहीत. चहासुद्धा कपाटाला पाठ लावून उभ्याने पितात.

मग कधीतरी मोबाइलवर त्यांना कुलपं उघडायला शिकवणारा कुणी दिसला. सुरतेत असणाऱ्या आपल्या मुलाकडून त्यांनी सरावाचं कुलूप मागवलं. ते काचेसारखं आरपार असतं. आत पितळी खिट्या ओळीने उभ्या दिसतात, प्रत्येकीवर छोटीशी स्प्रिंग. एका वाकड्या पट्टीने कुलपाला हलका ताण द्यायचा आणि बारीक आकड्याने एकेक खिटी बरोबर तिच्या उंचीपर्यंत ढकलायची. खिटी जागेवर बसली की टक्‌ होतं. आप्पांच्या भाषेत खिटी "बोलते". सगळ्या बोलल्या की कुलूप उघडतं. जोर केला तर आधीच्या बोललेल्याही गप्प होतात.

"बायको आन्‌ कुलूप," आप्पा मला म्हणाले, "दोन्हीसले जोर चालत नही."

हा सराव ते कुठेही करत. गॅसच्या रांगेत, दवाखान्यात, दाढी करताना सुद्धा. एकदा गल्लीतली एक म्हातारी गेली, तेव्हा आम्ही सगळे दारावर बसायला गेलो. सगळे मान खाली घालून गप्प. तेवढ्यात आप्पा मोठ्याने म्हणाले, "बोलनी!" घरातल्या बायका दचकून म्हातारीच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहायला लागल्या. एका सुनेने तर घाबरून हात जोडले. मी आप्पांना दंडाला धरून बाहेर काढलं.

त्या रविवारी बैठक संपल्यावर चौधरी घरी गेले, पण आप्पा गेले नाहीत. ओट्यावर येरझारा घालत राहिले.

"आप्पा, बोला काय ते. मला दळण आणायचंय."

"वंदनाताई, कानबाईनी पेटी उघडत नही."

एवढं ऐकून मी पिशवी खाली ठेवली. कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातल्या घराघरातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नारळ हाच तिचा चेहरा. त्याला नथ घालायची, डोळे लावायचे, दागिने चढवायचे आणि सोमवारी वाजत गाजत नदीवर न्यायचं. मोठ्या भावाच्या घरी ती बसते आणि सगळी भाऊबंदकी तिथे जमते. आप्पांच्या घरात हा मान त्यांच्या बायकोचा, माईंचा. नारळ आणि दागिने माईंच्या लाकडी पेटीत, पेटीला पितळी कुलूप, आणि किल्ली...

किल्ली कुठे आहे हे माईंनाही माहीत नव्हतं.

माई गेल्या काही वर्षांत विसरायला लागल्या आहेत. लग्न होऊन आल्यापासून किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला. आता त्या जुडग्याला जास्तच जपतात. पिठाच्या डब्याला कुलूप, फ्रिजला कुलूप, एकदा न्हाणीघराला बाहेरून कुलूप लावलं आणि आप्पा आत होते. बाजाराच्या दिवशी नवीन कुलूप विकत घेतात, लावतात आणि किल्ली कुठेतरी ठेवून देतात. एक किल्ली मिरच्यांच्या पोत्यात सापडली, एक देवघरातल्या दिव्याखाली, आणि एक भाजीत, शिजलेली.

"धानोऱ्याची शोभा काय म्हणाली, ऐकलं का?" आप्पा म्हणाले. शोभा म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको, माईंची जाऊ; माईंना ती बाई म्हणते. "म्हणे, बाईकडून आते व्हत नही. यंदा पेटी उघडली नही तं पुढल्या वर्षापासून कानबाई आमना घर बशी."

शोभा वाईट बाई नाही. तिचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. पण कानबाई उठून दुसऱ्या घरी गेली असती तर माईंच्या हातात काय उरलं असतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी म्हणाले, "आप्पा, सरळ कुलूपवाल्याला बोलवा."

"बलावं होतं. ती पेटीवर बशी गई. चोर म्हने त्याले."

"मग माई झोपल्यावर तोडून टाका. नवीन लावा."

"तोडाले अक्कल लागत नही, ताई." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण त्या दिवशी पुढचंही बोलले. "तुटेल कुलूप देखी तं तिले समजी जाई. चावी आपुनच हाराई, हे समजी जाई."

"तुमच्याकडे एक जादा किल्ली ठेवायची होती मग."

"ठेवी होती. सापडनी तिले, मन्हा खिशात. म्हने, मन्हा घरमा मन्हापासून चोरीन चाव्या? चार रोज बोलनी नही." मग त्यांनी खिशातून तो बारीक आकडा काढून मला दाखवला. "हाई सापडनं तरी काही नही. दात कोराले शे, सांगी दिधं."

तेव्हा मला कळलं की चौधरी सरांचं फाटक ही त्यांची परीक्षा होती. पेटीच्या कुलपाला हात लावण्याआधी त्यांना खऱ्या कुलपावर हात साफ करून घ्यायचा होता.

मी कामाला लागले. आप्पांना पेटीशी एकटं सोडायचं तर माईंना घराबाहेर काढायला हवं. मी मांडे शिकण्याचं निमित्त काढलं. खापरावरचे मांडे मला माझ्या आईने शिकवलेत, पण माईंना राग यावा म्हणून मी ते वाईट करायला लागले. माई माझ्या स्वयंपाकघरात पदर खोचून उभ्या.

"माय वं! हे मांडं शे का रुमाल?"

"चुकलं का माई?"

"हात असा उलटा धर. असा. कसं व्हईन तुन्हं!"

पुरणाचा तो गोळा त्यांच्या दोन्ही मनगटांवर पातळ पातळ होत जायचा आणि एकदाही फाटायचा नाही. हे हात काहीच विसरले नव्हते. मधूनच त्या थांबून कमरेचा जुडगा चाचपायच्या, "घर उघडं शे का वं?" विचारायच्या आणि उठायला लागायच्या. मग मी मुद्दाम पुढचा मांडा फाडायची. त्या आठवड्यात आमच्या घरी फाटके मांडे इतके झाले की मिस्टरांनी विचारलं, "आपल्याकडे काही कार्यक्रम आहे का?"

पलीकडे आप्पांचं काही जमत नव्हतं. आरपार कुलूप डोळ्यांना दिसायचं, पितळी कुलपाचं आतलं काही दिसत नव्हतं. रोज संध्याकाळी ते कुंपणाशी येऊन उभे राहत, या पायावरून त्या पायावर, आणि मान हलवत. नागपंचमी गेली. शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी मी पीठ मळत असताना त्यांनी कुंपणापलीकडून माझ्याकडे पाहिलं. हसून दोन्ही हात वर केले, बसला डबल बेल मारल्यावर निवांत झालेल्या कंडक्टरसारखे.

"काढून ठेवलंत ना सगळं बाहेर?" मी हळूच विचारलं.

"कसाले? ती काढी ना."

रविवारी सकाळी धानोऱ्याची सगळी मंडळी आली. रोट, म्हणजे कानबाईचा नैवेद्य, फक्त भाऊबंदकीने खायचा असतो, त्यामुळे जेवणाला मला बोलावणं नव्हतं, पण पेटी उघडताना मी दारात होते. मला राहवतच नव्हतं. शोभा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी. माई पेटीसमोर बसल्या आणि त्यांनी कमरेचा जुडगा सोडला.

पहिली किल्ली आत गेलीच नाही. दुसरी गेली, पण फिरली नाही. तिसरी घातली, काढली, परत पहिली घातली. माईंचा चेहरा उतरायला लागला. शोभा म्हणाली, "बाई, ऱ्हाऊ द्या. आमी देखतस."

"ओढी तं देख," आप्पा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, जसं काही बाहेरच्या गायीला सांगत होते. "जुनं शे. अडकस कदी कदी."

माईंनी वैतागून चौथी किल्ली घातली आणि कुलूप ओढलं. उघडलं.

आप्पांनी ते आदल्या दिवशीच उघडलं होतं आणि कडी नुसती टेकवून ठेवली होती, टक्‌ होऊ न देता. कुठलीही किल्ली चालली असती.

"देख वं शोभा," माई म्हणाल्या, "म्हने चावी हाराई गई!" आणि त्यांनी दोन्ही हातांनी नारळ वर काढला. शोभा पुढे होऊन त्यांच्या पाया पडली. आप्पा मागच्या दाराने बाहेर गेले. मी गेले तर ते न्हाणीघराच्या भिंतीला धरून उभे होते, आणि कधी नव्हे ते त्यांचे हात अगदी स्वस्थ होते.

सोमवारी कानबाई नदीवर जाऊन आली. माईंनी नारळ, नथ, दागिने पुसून पेटीत ठेवले, कुलूप लावलं आणि नीट दाबलं. टक्‌.

संध्याकाळी आप्पा माझ्याकडे आले. म्हणाले, "पाणी दे." मी पाणी दिलं. ते खुर्चीत बसले. आप्पांना घरात बसलेलं पाहून मीही समोर बसले.

"वंदनाताई, पोरगा सुरतेत. शोभा आपली शे, पन तोडी टाकी." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "माले काही व्हयनं तं तिना कुलपं कोन उघडी?"

मी काहीतरी बोलणार होते. असं कसं बोलता आप्पा, वगैरे. पण त्यांना ते नको होतं. त्यांनी आरपार कुलूप आणि आकडा माझ्या टेबलावर, किराण्याच्या चिठ्ठीवर ठेवला.

"तूबी शिकी ले."

श्रावण संपला, गणपती येऊन गेले. मी ते कुलूप घेऊन भात शिजेपर्यंत बसते, मिस्टर बातम्या लावतात तेव्हा बसते. आप्पा कुंपणाशी येऊन विचारतात, "व्हयनं का?" परवा माईंनी औषधांच्या डब्याला कुलूप लावलं, तेही आप्पांनीच उघडलं. माझ्याकडून अजून एकही उघडलेलं नाही.