बिराजदार सरांचा आइसलँड

बिराजदार सर स्लॅबखाली जात नाहीत. लातुरात कोचिंगवाल्यांनी मजल्यावर मजले चढवले, पण सरांचा फिजिक्सचा क्लास अजून पत्र्याच्या शेडमध्येच भरतो. समोर आमची मेस आहे. सर डबा न्यायला येतात तेही रस्त्यावर उभं राहून हाक मारतात. आत या म्हटलं की, "बाहेर हवा चांगली हाय." मे महिन्यात लातूरच्या हवेला चांगली म्हणणारा हा एकमेव सज्ञान माणूस.

संध्याकाळी क्लास सुटला की त्याच शेडमध्ये दुसरा उद्योग. सर आइसलँडच्या पुराणकथांवर मेटल गाण्यांचा अल्बम करतायत. गिटार स्वतः बडवतात, कंधारचा एक हलगीवाला साथीला असतो. गाणं म्हणजे सर पोटातून गुरगुरतात. गल्लीतली कुत्री आधी भुंकायची, आता शहाण्यासारखी ऐकत बसतात. त्यात वर पत्रा, म्हणजे विचारूच नका.

"सर, आइसलँडच का? आपल्याकडं देवांची टंचाई आहे का?" असं मी एकदा विचारलं. "कन्सेप्ट क्लिअर पाहिजे," सर म्हणाले. प्रश्न गुरुत्वाकर्षणाचा असो की वांग्यात मीठ जास्त पडल्याचा, उत्तर हेच.

अल्बम अडला होता शेवटच्या गाण्यावर. त्याला बाईचा आवाज हवा होता. नांदेडहून गायिका आल्या, चहा पिऊन परत गेल्या. सरांना एकही पसंत पडेना. हे गाणं झालं नाही तर बाकीची जाळून टाकीन, असं ते म्हणायला लागले. गल्लीला ती कल्पना वाईट वाटली नाही.

शेवटी माझी आई, आक्का, आवाजाची तक्रार करायला तावातावानं शेडमध्ये गेली. मागोमाग मी. सरांनी तिला खुर्ची दिली आणि गाण्याची गोष्टच सांगायला घेतली. लोकी नावाच्या देवाला बाकीच्या देवांनी गुहेत बांधून घातलंय. वर साप टांगलाय, त्याचं विष तोंडावर ठिबकतं. बायको शेजारी उभी राहून ते वाटीत झेलते. वाटी भरली की ओतायला जाते. तेवढ्यात थेंब पडतो, लोकी तडफडतो आणि भूकंप होतो.

"आमच्या गावात भूकंप झाला तवा मी अंगणात झोपलो होतो," सर म्हणाले. "थंडी वाजती म्हणलो. माय वाकळ आणाया आत गेली. तेवढ्यात हाललं."

हलगीवाला हलगी तापवत होता, त्याचा हात थांबला. आक्का मात्र चिडली, तीही थेट आइसलँडवर.

"एकटीनं किती येळ धरावं तिनं? शेजारपाजार न्हवता का?"

मग डोळे मिटून तिनं जात्यावरच्या चालीत सुरू केलं:

"भरली तुजी वाटी, बाई, ओतून ये दारी,
तवर मी धरते माजी, हाय मी शेजारी."

रेकॉर्डिंगचं बटण हलगीवाल्यानं दाबलं. आक्कानं पुन्हा म्हटलं, मग पुन्हा.

गाणं झाल्यावर ती उठली आणि "चला जेवायला" म्हणाली. सर तिच्यामागून रस्ता ओलांडून मेसमध्ये आले आणि स्लॅबखालच्या बाकावर बसले. पहिला घास हातात धरून त्यांनी वर पाहिलं. आक्का शेजारी येऊन उभी राहिली. मग ते जेवू लागले.

सरांच्या वाटीतली आमटी संपली तेव्हा आणखी आणायला तिनं मला आत पिटाळलं. स्वतः ती जागची हलली नाही.